दगडाच्या अलीकडे

१

सकाळचे दहा वाजले की केबिनवाले आबा स्टेशनाचं कुलूप उघडत. ते इतक्या घाईने उघडत की पाहणाऱ्याला वाटावं, आता गाडी येणार. वास्तविक शेवटची गाडी जाऊन अकरा वर्षं झाली होती. कारखान्याचा कोळसा ट्रकने येऊ लागला, माणसं बसने जाऊ लागली, आणि एके दिवशी वरून कागद आला की स्टेशन बंद. मोठ्या लाइनचे रूळ उचलून नेले. राहिली ती कारखान्याकडे वळणारी साइडिंग, तिच्यावर विसरलेला मालगाडीचा एक वाघिणीचा डबा, आणि आबा.

आबांचा मुलगाच कारखान्याचा ट्रक चालवी. "घरात शत्रू पाळलाय, आणि वर त्याला दोन वेळा जेवायला घालतो," असं आबा भेटेल त्याला सांगत. मुलगा हसे. बापाशी वाद घालून कुणाचं भलं झालं नाही, हे त्याला लहानपणीच कळलं होतं.

केबिन फलाटाच्या टोकाला होती. सतरा लाकडी पायऱ्या, वर तीन बाजूंनी काचा, आणि समोरच्या खिडकीलगत छातीएवढ्या उंचीचे चौदा लिव्हर एका रांगेत उभे. लाल रंगाचे सिग्नलचे, काळे सांध्यांचे. वरची मूठ मात्र प्रत्येकाची उघड्या पोलादाची. ती आरशासारखी लखलखीत असायची, कारण या केबिनचा पहिला नियमच तसा होता. लिव्हर उघड्या हाताने धरायचा नाही. हाताच्या घामात मीठ असतं, आज हात लावला की उद्या बोटं उमटतात, गंजाची. म्हणून प्रत्येकाच्या खांद्यावर स्वतःचं फडकं. नवा माणूस आला की थोरले मास्तर, म्हणजे तेव्हाचे स्टेशनमास्तर, त्याला आधी फडकं देत, मग नाव विचारत.

एकसष्ट वर्षं हे स्टेशन चाललं. कारखान्याची पहिली भट्टी याच रुळांवरून आली. धुक्यात, पुरात, संपाच्या दिवसांत दगड पडत असताना इथून गाड्या सुटल्या. "आपल्या गावात बघण्यासारखं काय आहे?" असं कुणी विचारलं तर आबा म्हणत, "एकच गोष्ट आहे, आणि तिची किल्ली माझ्या कमरेला आहे."

आता तर नगरपालिकेने स्टेशनाचं संग्रहालय करायचं ठरवलं होतं. रविवारी उद्घाटन. फलाटावर संगमरवरी पाटी बसवली होती, वर निळा पडदा टाकून. पाटीवरचं वाक्य आबांचंच होतं. 'या स्टेशनच्या हद्दीत एकसष्ट वर्षांत एकही जीव गेला नाही.' पाटी बसवणाऱ्या गवंड्याला आबांनी दोनदा ते मोठ्याने वाचायला लावलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना तो म्हणाला, "आबा, पाठ झालं आता, उतरू का?" तरी आबांची छाती काही खाली बसत नव्हती.

२

सोमवारी आबा केबिनमध्ये चढले, खिडक्या उघडल्या आणि एक नंबरपासून मुठी पुसायला सुरुवात केली. नऊ नंबरपाशी त्यांचं फडकं अडखळलं.

मुठीवर चार बोटं उमटली होती. तांबूस, खरखरीत. मागच्या बाजूला अंगठा.

आबांचं डोकंच फिरलं. रंगारी! सगळा आठवडा केबिनला रंग द्यायला माणसं चढत-उतरत होती. ते तरातरा खाली गेले आणि रंगाऱ्याला नाही नाही ते बोलले. रंगारी बिचारा हातातला ब्रश तसाच धरून म्हणाला, "आबा, आम्ही केबिनचं काम शनिवारीच संपवलं. रविवारी कुणीच नव्हतं. आणि तुम्ही सांगितल्यावर हात लावायची कुणाची टाप आहे?"

हे पटण्यासारखं होतं. आबांनी रॉकेल आणि राख घेऊन मूठ घासली, तेलाचा हात दिला, काचा लावल्या, कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं.

मंगळवारी बोटं पुन्हा तिथेच होती.

आठ नंबर स्वच्छ, दहा नंबर स्वच्छ. नऊवर तेवढा हात. आबांनी आपला पंजा वर धरून अंदाज घेतला. बोटं त्यांच्यापेक्षा लांब होती, चांगली पेरभर लांब. दमटपणा, त्यांनी स्वतःला सांगितलं. पावसाळा सरून दोन महिने झाले होते, पण दमटपणा म्हटल्यावर बरं वाटलं. दमटपणाला बोटं का असावीत, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

३

स्टेशनाचा इतिहास लिहायचं काम सूनबाईकडे होतं. ती गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होती, आणि उद्घाटनाला एक पुस्तिका काढायची होती. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वही उघडायची आणि आबा सांगतील ते लिहून घ्यायची. ती नांदायला आली त्या आठवड्यापासून आबांनी तिला स्टेशन इतकं ऐकवलं होतं की, तिच्या भाषेत, माहेरचे लोक विसरले होते पण बारा नंबरचा सांधा तोंडपाठ होता.

मंगळवारी तिने वही उघडली, पण पेन हातात घेतलं नाही.

"आबा, आज कारखान्याच्या दवाखान्यातली जुनी रजिस्टरं बघितली. अपघातांची."

"कारखान्यात होणारच अपघात. भट्ट्या आहेत तिथे."

"त्यात एक नोंद आहे. 'स्टेशनचा साखळीवाला. साइडिंगवर, हद्दीच्या दगडापलीकडे, डब्यांमध्ये सापडून मयत. स्वतःची चूक.'"

मुलगा जेवता जेवता थांबला. आबांनी पाण्याचा पेला उचलला, पाणी प्यायले, पेला जागेवर ठेवला.

"दगडापलीकडे ना?" ते म्हणाले. "मग तो कारखान्याच्या हद्दीत. आपल्या खात्यात येत नाही."

साइडिंगवर एक चुना मारलेला दगड होता. दगडाच्या अलीकडे स्टेशन, पलीकडे कारखाना. अलीकडे रुळाचा बोल्ट पडला तरी थोरले मास्तर स्वतः जात, आणि पलीकडे डोंगर कोसळला तरी ढुंकून बघत नसत.

"ते कळलं हो," सूनबाई म्हणाली. "पण साखळीवाला म्हणजे डबे जोडणारा ना? तुम्हीच सांगितलंत, डबे जोडायचे ते दगडाच्या अलीकडे. मग तो पलीकडे कशाला जाईल?"

"त्यालाच ठाऊक."

हे दोन शब्द तोंडातून गेले आणि आबांना वाटलं, हे आपण बोललो नाही. हे कुणीतरी दुसऱ्याने, फार पूर्वी, केबिनच्या पायरीवर उभं राहून म्हटलेलं आहे. ते ताटावरून उठले.

"इतिहास लिहायचा तर लिही," ते म्हणाले. "उकिरडा उकरायचा असेल तर माझ्या नावावर नको."

सूनबाईने आजवर त्यांचं असं बोलणं ऐकलं नव्हतं. तिने वही मिटली. पण ती आबांकडे पाहत राहिली, आणि आबांना ते पाठीवर जाणवत होतं.

४

बुधवारी आबांनी नवीन कुलूप आणलं. गुरुवारी बोटं होतीच. आबांना राग येईना, तेव्हा ते घाबरले. राग हे त्यांचं जुनं औषध होतं.

त्यांनी स्टूल ओढलं आणि नऊ नंबरसमोर बसून नीट विचार केला. चाळीस वर्षं ज्याने लिव्हर ओढले, त्याला पकड वाचता येते. लिव्हर ओढणारा माणूस आतल्या बाजूला उभा राहतो. तो दोन्ही हात घालतो, अंगठे स्वतःकडे ठेवतो आणि सगळं वजन मागे टाकतो. इथे हात एकच होता. आणि अंगठा खिडकीकडे होता.

म्हणजे ज्याने धरलं, तो खिडकीच्या बाजूला उभा होता. ही पकड ओढणाऱ्याची नव्हती. अडवणाऱ्याची होती.

आबा उठले आणि लिव्हर व खिडकीखालची भिंत यांच्यामधली जागा त्यांनी हाताने मोजली. एक वीत भरली. मांजर कसंबसं शिरेल. माणूस उभा राहणं शक्यच नव्हतं, त्यातून उंच माणूस.

"म्हातारचळ लागला," ते मोठ्याने म्हणाले. केबिनमध्ये आपलाच आवाज त्यांना परका वाटला. त्यांनी नऊ नंबर घासला, इतका घासला की खांदा भरून आला. खाली फलाटावर खुर्च्या उतरवत होते, कुणीतरी माइक लावून 'हॅलो, हॅलो' करत होतं, ऊन भरपूर होतं. असल्या गोष्टींची ही वेळ नव्हती, असं आबांना वाटलं. त्यांनी फडकं झटकायला खिडकीबाहेर धरलं आणि वळले.

मुठीवर ओल होती.

चार बोटांची ओल, ताजी, कोळशाच्या काळ्या रेघा असलेली. कडांनी ती वाळत चालली होती. आबा बघत असताना करंगळी गेली, मग अनामिका. अंगठा शेवटपर्यंत राहिला. मग तोही गेला आणि पोलाद पुन्हा लखलखू लागलं.

आबांनी बोट पुढे केलं, मुठीला टेकवलं आणि चटकन मागे घेतलं. इतर मुठी सकाळच्या वाऱ्याने गार होत्या. ही गरम होती.

५

त्याला सगळे लंबू म्हणत. वाघिणीच्या डब्याआड उभा राहिला तरी त्याचा हात टपावरून दिसे, इतका उंच. वय बावीस. साखळी जोडून झाली की बाहेर येऊन केबिनकडे दोन्ही पंजे वर करून दाखवायचे, ही इथली पद्धत. दोन्ही हात म्हणजे माणूस मोकळा, काम झालं. मग केबिनने नऊ नंबर ओढायचा, साइडिंगचा छोटा सिग्नल पडायचा, आणि इंजिन डबे मागे रेटायचं. एक हात म्हणजे थांबा, अजून आत आहे. लंबू उंच असल्यामुळे बाहेर येण्याचे कष्ट घेत नसे. डब्यांच्या मधूनच हात वर करी. पंजे उघडझाप करून दाखवी, वर केबिनमधल्याला हसवी. थोरले मास्तर रागवत. पण गाड्या वेळेवर जात होत्या, आणि स्टेशनाची कीर्ती त्या वेळेवरच होती.

चौसष्ट सालच्या त्या दुपारी मास्तर चहाला गेले होते आणि केबिनमध्ये आबा एकटे होते. वय एकवीस, नोकरीचं दुसरं वर्ष. मागे मालगाडी खोळंबली होती. टपावर एक हात दिसला. दुसरा डब्याआड झाकला गेला असेल, आबांना वाटलं. आणि त्यांनी नऊ नंबर ओढला.

मास्तर आले, त्यांनी बघितलं. चुना मारलेला दगड तिथून पाच पावलांवर होता. मास्तर एक शब्द रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तू पाय धर."

आबांनी पाय धरले.

दगडापलीकडे नेऊन ठेवल्यावर मास्तरांनी फडक्याने हात पुसले. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "तुझी नोकरी राहिली आणि स्टेशनचं नावही राहिलं. आता ते राखायचं." आणि आबांनी ते राखलं. पुढची अडतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून राखलं. त्यांच्या हातून पुन्हा कधी केसभरही चूक झाली नाही, हे अगदी खरं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता, तोही खराच होता.

तिसऱ्या दिवशी लंबूची आई आली. सतरा पायऱ्या तिला चढवेनात. खालच्या पायरीवर बसून तिने विचारलं, "माझा मुलगा दगडापलीकडे कशाला गेला होता हो? तो तर कधी जात नव्हता."

"त्यालाच ठाऊक," मास्तर म्हणाले. आबा त्यांच्या मागे उभे होते.

६

रविवारी दहा वाजता फलाट माणसांनी भरला. जुने गार्ड, हमाल, तिकीटबाबू, जे कोणी शिल्लक होते ते सगळे इस्त्रीच्या कपड्यांत आले होते, आणि प्रत्येकाला आपल्यामुळेच स्टेशन चाललं असं वाटत होतं. बॅंड होता. नगराध्यक्षांचं भाषण लांबलं, पण त्यात आबांचं नाव चार वेळा आलं, म्हणून आबांनी ते माफ केलं.

कार्यक्रम असा होता. आबांनी केबिनमधून नऊ नंबर ओढायचा, अकरा वर्षांनी साइडिंगचा सिग्नल पडायचा, आणि त्याच क्षणी खाली पाटीवरचा पडदा सरकवायचा. तार जोडून, तेल देऊन सगळं तयार होतं. नगराध्यक्ष, फोटोग्राफर आणि सूनबाई आबांबरोबर वर चढले. आबांनी जुना कोट घातला होता. बटणं चमकत होती. शुक्रवार-शनिवार ते केबिनकडे फिरकले नव्हते. अंग दुखतंय म्हणून घरीच पडून राहिले होते.

मूठ स्वच्छ होती. आबांना हायसं वाटलं. त्यांनी मुठीवर फडकं टाकलं, दोन्ही हातांनी पकड घेतली, सवयीने मान वर करून खिडकीतून साइडिंगकडे पाहिलं.

डबा नवा लाल रंग लावून उभा होता. त्याच्या टपावर एक हात होता.

उघडा पंजा, काळा, स्थिर.

"ओढा, आबा," नगराध्यक्ष म्हणाले. "लोक खोळंबलेत."

रंगारी असेल, आबांनी मनाशी म्हटलं. डब्याच्या पलीकडे काहीतरी पुसत असेल. त्यांनी फलाटावर नजर टाकली. रंगारी पहिल्या रांगेत बायकोशेजारी बसला होता. त्यांनी पुन्हा डब्याकडे पाहिलं. हात तिथेच होता. चौसष्ट साली होता तसाच, वाट बघणारा.

एकदा ओढलं की संपलं. पडदा सरकेल, टाळ्या पडतील. दुसरा हात डब्याआड असेल. असेलच.

"आबा?" सूनबाई हळूच म्हणाली. "काय बघताय?"

आबांनी लिव्हर सोडला.

"तो पडदा काढू नका," ते म्हणाले. माइक खाली होता, पण आबांना माइकची गरज कधीच पडली नव्हती. ते खिडकीतून वाकले आणि त्यांचा आवाज फलाटाच्या दुसऱ्या टोकाला पोचला. "पाटीवरचं खोटं आहे! या स्टेशनात एक माणूस गेला. दगडाच्या अलीकडे गेला. मी लिव्हर ओढला आणि मीच त्याला पलीकडे नेऊन टाकला. चूक त्याची नव्हती. तो आमचा माणूस होता. या यार्डात त्याच्याइतका चलाख साखळीवाला दुसरा झाला नाही, आणि त्याला आम्ही मोजलाच नाही."

बॅंडवाल्याने ओठाला लावलेलं वाद्य खाली घेतलं. जुन्या गार्डने टोपी काढली.

नगराध्यक्षांनी घाम पुसला. "बरं, बरं. झालं ते झालं. फार जुनी गोष्ट. आता एवढा सिग्नल तरी..."

"नाही."

"अहो, नुसता सिग्नल पडायचाय. इंजिन नाही, काही नाही."

आबा ताठ उभे राहिले. आयुष्यभर ते या केबिनबद्दल अभिमानाने बोलत आले होते, पण या वेळी प्रथमच त्यांना आवाज चढवावा लागला नाही.

"साहेब, दोन हात दिसल्याशिवाय या केबिनमध्ये नऊ नंबर ओढत नाहीत. तशी इथली पद्धत आहे."

नगराध्यक्षांनी खिडकीतून पाहिलं, फोटोग्राफरने पाहिलं. लाल डबा, गवत, ऊन. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पायऱ्या उतरून गेले. खाली खुर्च्या सरकू लागल्या. सूनबाई गेली नाही. तिने स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि पिशवीतून वही काढली.

"नाव सांगा त्याचं," ती म्हणाली. "पूर्ण."

आबांनी सांगितलं. आधी त्याचं, मग वडिलांचं, मग आईचं. एकदाही अडखळले नाहीत. चौसष्ट सालापासून मनातल्या मनात रोज घेतलेलं नाव होतं ते. सूनबाईने ठळक अक्षरांत लिहिलं, खाली रेघ मारली आणि मान वर केली.

पेन तिच्या हातातून घरंगळलं. ती उठून काचेपाशी गेली आणि डब्याच्या टपाकडे बघत राहिली.

"आबा," ती शेवटी म्हणाली, "एकच आहे."

"मग थांबायचं," आबा म्हणाले.